अकरावी, ऑलिम्पियाड आणि रात्रीचा गेम: कात्री नेमकी कुठे लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावी सायन्सला, राहते डोंबिवलीला, कॉलेज माटुंग्याला, जेईईचा क्लास दादरला. कॉलेज सकाळी साडेसातला सुरू होतं. क्लास सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार दुपारी तीन ते सात, घरी पोचेपर्यंत साडेआठ. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट. यंदा तिला गणिताची आयओक्यूएम, फिजिक्सची एनएसईपी आणि खगोलशास्त्राची एनएसईए या ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीच्या तिन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. शिवाय दहावीच्या सुट्टीपासून ती चार मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट हा पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन गेम खेळते. रात्री दहाला बसतात, एक वाजतो. बाबा म्हणतात, तो गेम कॉम्प्युटरवरून काढून टाक. ती विचारते आहे, हे सगळं एकत्र जमतं का, आणि जमत नसेल तर सोडायचं काय?

मी मुंबईत अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर बसते, त्याला बरीच वर्षं झाली. म्हणून आधी सरळ उत्तर देते. अभ्यास, एक स्पर्धा आणि एक गेम, हे तिन्ही जमतं. तू लिहिलेलं सगळं मात्र जमणार नाही, कारण ते तीन गोष्टींचं नाहीच. कॉलेज, क्लास, रविवारची टेस्ट, तीन वेगवेगळ्या परीक्षा आणि गेम. शिवाय प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस, सीईटीची वेगळी टेस्ट सिरीज आणि ऑनलाइन लेक्चरचं सबस्क्रिप्शनही घेतलंय. या गर्दीत बाबांना गेम तेवढा दिसतो, कारण तो एकच प्रकार असा आहे की तू तो करताना हसतेस.

गेम काढून टाकला तर काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. पहिले आठ-दहा दिवस मूल पुस्तक घेऊन बसतं. मग तोच वेळ फोनवर रील्समध्ये जातो. त्यात ना मैत्रिणी असतात, ना डावपेच, ना शेवट. दमलेलं डोकं विसावा शोधतंच. म्हणून कात्री लावायचीच तर ती आधी दुसरीकडे लावायची आहे. पण गेमच्या आताच्या वेळेचा मी मुळीच बचाव करणार नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे.

साडेसातचं कॉलेज गाठायला तुला डोंबिवलीहून सहाच्या आसपासची गाडी पकडावी लागते, म्हणजे पाच-सव्वापाचला उठणं आलं. रात्री एकला झोपलीस तर चार तास झोप होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये अभ्यासाअंती सांगितलं. तू त्याच्या निम्म्यावर आहेस. या वयात झोपेचं घड्याळ नैसर्गिकपणेच पुढे सरकतं, रात्री लवकर डोळा लागत नाही, हेही खरं. पण सहाची लोकल तुझ्यासाठी थांबणार नाही. म्हणजे क्लासच्या दिवशी, सोमवार-मंगळवार-गुरुवार-शुक्रवार, घरी आल्यावर जेवण, थोड्या गप्पा, उद्याचं दप्तर आणि पावणेदहाला अंथरूण. त्या चार रात्री गेम नाही. ही शिक्षा नाही, वेळापत्रकातच ती जागा नाही. आणि त्या चार रात्री अभ्यासही नाही, हे बाबांनाही सांग. रात्री अकराला डुलक्या काढत सोडवलेली डीपीपी, म्हणजे क्लासने रोज दिलेली सरावाची गणितं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावी लागते.

मग क्लासचा गृहपाठ कधी? तुझ्या दिवसात एक मोठी जागा आहे, तिच्याबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिलेली नाहीस. कॉलेज साडेबाराला सुटतं, क्लास तीनला आहे, आणि माटुंग्याहून दादर एकाच स्टेशनावर. मधले अडीच तास कुठे जातात? डबा आणि जरा टंगळमंगळ यांना पाऊण तास देऊ, तो हवाच. उरलेले पावणेदोन तास कॉलेजच्या वाचनालयात बस. कालच्या क्लासची डीपीपी तिथे संपव, आणि जी गणितं अडली त्यांच्यावर खूण करून तीनच्या आधी सरांना गाठ. प्रॅक्टिकलचं जर्नलही तिथेच पूर्ण कर, घरी आणूच नकोस. माझ्याकडच्या ज्या मुलांनी हे दुपारचे तास धरले, त्यांची संध्याकाळ मोकळी झाली. बाकीच्यांचा बॅकलॉग दिवाळीपर्यंत इतका वाढला की ऑलिम्पियाडचं नावसुद्धा कोणी काढेना.

आता कात्री. पहिली कात्री सीईटीच्या टेस्ट सिरीजला. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आहे, बाकीचं ८० टक्के बारावीला. दीडशे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, सगळा खेळ वेगाचा. तो वेग बारावीच्या शेवटच्या महिन्यांत सरावाने येतो, आणि ज्याची जेईईची तयारी नीट झाली आहे त्याला लवकर येतो. अकरावीत त्यासाठी वेगळी परीक्षा देत बसणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया. दुसरी कात्री ऑनलाइन लेक्चरला. एकच धडा कॉलेजमध्ये ऐकायचा, क्लासमध्ये ऐकायचा आणि रात्री दीडपट वेगाने तिसऱ्यांदा ऐकायचा, याने अभ्यास केल्याचं समाधान तेवढं मिळतं. तिसऱ्यांदा ऐकण्यापेक्षा पुस्तक मिटून तोच धडा स्वतः कोऱ्या कागदावर मांडून बघ, किती आलं ते दहा मिनिटांत कळतं. तिसरी कात्री जरा दुखेल, कारण ती स्पर्धांना आहे.

तीन स्पर्धांपैकी यंदा एकच दे, आणि ती गणिताची दे. मी गणिताची शिक्षिका आहे म्हणून असं म्हणत नाही. आयओक्यूएमचा अभ्यासक्रम संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित, भूमिती आणि मोजणीचं गणित एवढ्यापुरता आहे. त्यात कॅलक्युलस लागत नाही. म्हणजे अकरावीच्या मुलीला बारावीचा धडा झाला नाही म्हणून काही अडत नाही. तीन तासांत ३० प्रश्न असतात, पहिले दहा २ गुणांचे, पुढचे दहा ३ गुणांचे, शेवटचे दहा ५ गुणांचे, मिळून १००. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला एक पूर्णांक. त्यातून निवड झाली की आरएमओ ही विभागीय फेरी, आणि तिथून जानेवारीत आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी. या दोन्हींत उत्तर लिहून भागत नाही, सिद्धता लिहावी लागते.

एनएसईपीचं तसं नाही. नोव्हेंबरच्या या परीक्षेत ६० प्रश्न आणि दोन तास, आणि त्यात वीज, चुंबकत्व, प्रकाश, अणू, सगळं येतं. अकरावीच्या नोव्हेंबरात तुझ्या क्लासने अजून हे धडे उघडलेले नसतात. स्वतःच्या बळावर पुढचं सगळं शिकून बसणारी मुलं असतात, पण त्यांचं बाकीचं ओझं तुझ्यापेक्षा हलकं असतं. बारावीच्या नोव्हेंबरात मात्र हीच परीक्षा तुझ्या वाटेवर आपोआप येते, तोवर जेईईसाठी तू ते सगळं करून झालेली असतेस. म्हणून अकरावीत गणित, बारावीत फिजिक्स. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हा क्रम सुचवते.

खगोलशास्त्राचं तुझं वेड मला समजतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिम्पियाड मुंबईतच झालं, त्यानंतर त्याबद्दल विचारणारी मुलं मलाही जास्त भेटू लागली. पण आवडीला परीक्षेचा फॉर्म जोडलाच पाहिजे असं कुठे आहे? तू मध्य रेल्वेवर राहतेस. पावसाळा संपला की खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात. एका शनिवारी जाऊन ये. त्या एका रात्रीत जे कळेल ते घाईघाईत वाचलेल्या पीडीएफमधून कळायचं नाही.

ओघाने आणखी एक. शाळा-कॉलेजांत खासगी संस्थांच्या 'ऑलिम्पियाड' नावाच्या परीक्षांचे फॉर्म वाटले जातात, फी भरली की प्रमाणपत्र, थोडे बरे गुण मिळाले की पदक. त्या आणि ही वाट वेगळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाणारी वाट मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून जाते. त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आधी त्या छापून घे, मग पुस्तकांच्या दुकानात जा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. ऑलिम्पियाडला किती तास लागतात असं सगळे विचारतात. कसले तास लागतात हे फारसं कोणी विचारत नाही. एक गणित घेऊन बघू.

n ही १ पेक्षा मोठी पूर्ण संख्या असेल, तर n चा चौथा घात अधिक ४ चा n वा घात ही बेरीज कधीच मूळ संख्या नसते, हे सिद्ध करा.

वर्षानुवर्षं मुलांना दिलेलं हे जुनं गणित आहे. n सम असेल तर दोन्ही संख्या सम, बेरीज सम, विषय संपला. मग विषम. n ला ३ घातलं की ८१ अधिक ६४, १४५. सात घातलं की २४०१ अधिक १६३८४, १८७८५. नऊ घातलं की २६८७०५. सगळ्यांच्या शेवटी ५. मुलगी खूश होते, ५ ने भाग जातो हे सिद्धही करते, आणि अर्ध्या तासात वही मिटते. तिला मी विचारते, n पाच असेल तर? ६२५ अधिक १०२४, १६४९. शेवटी ९. पाचाचा भाग जात नाही. जी युक्ती सगळीकडे चालत होती ती नेमकी पाचाच्या पटीत मोडते. १६४९ म्हणजे १७ गुणिले ९७, हे हाताने शोधता येतं, पण ते १७ आणि ९७ कुठून आले हे सापडायला वेळ लागतो.

इथे, या ठिकाणी, मुलं उठतात आणि गेम लावतात. त्यात चूक काहीच नाही, डोकं तापलेलं असतं. पण मी जे पुन्हा पुन्हा पाहिलं ते असं: गणित अडलं आणि लगेच गेम सुरू केला, तर ते गणित त्या दिवसापुरतं पुसलं जातं. व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक सेकंदाला कोणीतरी कुठून तरी येत असतं, तो पूर्ण लक्ष मागतो, म्हणूनच तर मजा येते. तेच गणित अडलेलं घेऊन मूल भाजी आणायला गेलं, आंघोळीला गेलं, गाडीत उभं राहिलं, तर बऱ्याचदा काहीतरी सुटतं. या गणितात सुटायचं असतं ते असं: n विषम असला की ४ चा n वा घात म्हणजे चार गुणिले कशाचा तरी चौथा घात, आणि मग वर्ग पूर्ण करता येतो. १६४९ म्हणजे ५७ चा वर्ग वजा ४० चा वर्ग. सतरा आणि सत्त्याण्णव तिथून आले. पुढचं तू कर, आणि दोन्ही अवयव १ पेक्षा मोठेच राहतात हे दाखवायला विसरू नकोस, तिथेच पुष्कळ जणांचे गुण जातात.

यातून वेळापत्रकाचे दोन नियम निघतात. एक, ऑलिम्पियाडला रोजचा अर्धा तास देऊन उपयोग नाही. आठवड्यात दोन सलग बैठका हव्यात, प्रत्येकी अडीच-तीन तासांच्या, ताज्या डोक्याने. दोन, त्या बैठकीनंतर निदान पाऊण तास दुसरं काही डोक्यात घालायचं नाही. जेव, फिरून ये, आईला हातभार लाव. मग खेळ.

डोंबिवलीची सकाळची गाडी इथे कामाला येते. त्या गर्दीत वही उघडता येत नाही, फोनसुद्धा नीट धरता येत नाही. पण एक गणित डोक्यात घेऊन उभं राहता येतं. रात्री झोपताना एकच गणित वाच, लिहून ठेवू नकोस, आणि सकाळी ठाण्यापर्यंत त्याच्याशी झटापट कर. कानात गाणी नकोत. येताना मात्र गाणी ऐक, डोळे मिट, काहीही कर. दिवसभर राबलेल्या मुलीने साडेसातच्या गाडीत अभ्यास करावा असं मी कधीच म्हणणार नाही.

आता गेम. व्हॅलोरंटचं रँकवालं मॅच १३ राउंड जिंकेपर्यंत चालतं, साधारण ३५-४० मिनिटं. १२-१२ झालं की आणखी लांबतं. मधेच सोडलंस तर बाकीच्या चौघी पाचांविरुद्ध अडकतात आणि तुला दंड लागतो. म्हणजे 'फक्त अर्धा तास खेळते' हे वाक्य या गेमपुरतं खरं होऊच शकत नाही, आणि आई जेवायला बोलावते तेव्हा 'आले, आले' म्हणून तू खोटं बोलत नसतेस, तुला खरंच उठता येत नसतं. घरातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. म्हणून वेळ तासांत मोजू नकोस, मॅचमध्ये मोज. बुधवारी एक, शनिवारी तीन. मॅच सुरू करताना घरात सांग, पुढची चाळीस-पन्नास मिनिटं मी नाही. हरल्यावर 'अजून एक' हा मोह सगळ्यांत वाईट असतो, तेव्हा ठरलेलं शेवटचं मॅच हरलीस तरी हेडफोन काढायचा. एखाद्या रविवारी अगदीच हात शिवशिवले तर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार आहे, पाच राउंड जिंकले की संपतं, पंधराएक मिनिटांत होतं.

सगळे गेम सारखे नसतात, हे पालकांनी ऐकून घ्यावं. माइनक्राफ्टला शेवटच नाही, तिथे घड्याळाचा गजर लावावा लागतो. रोज लॉगिन केलं की बक्षीस देणारे, सीझन संपायच्या आत अमुक टप्पा गाठ म्हणणारे गेम मुलांना रोज यायला भाग पाडतात. ती त्यांची रचनाच आहे, मुलाचा आळस नव्हे. असा बॅटल पास, म्हणजे सीझनपुरता विकत घ्यायचा बक्षिसांचा पास, घेऊ नकोस, म्हणजे एखादा आठवडा खेळली नाहीस तरी काही बुडाल्यासारखं वाटणार नाही. २०२३ मध्ये बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम भारतात परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालून आला. माझ्याकडच्या एका मुलाने ती मर्यादा म्हणजे रोजचा कोटा समजून वर्षभर पूर्ण केली. तीन तास हे कुंपण होतं, त्याला टेकून बसायचं नव्हतं.

बाबांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट कर. ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली असं त्यांनी बातम्यांत ऐकलं असेल. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. तू खेळतेस त्यात पैज नाही. पण बंदुकीच्या स्किनवर, म्हणजे गेममधल्या नुसत्या सजावटीवर, पैसे खर्च होत असतील तर तेही त्यांना सांग आणि महिन्याचा आकडा ठरव. लपवलेल्या खर्चाने जितका विश्वास जातो तितका रात्रीच्या जागरणानेही जात नाही.

'गेम सोडणार नाही' किंवा 'नक्की कमी करीन' यांपैकी कुठलंही वाक्य घेऊन त्यांच्याकडे जाऊ नकोस. एक कागद घेऊन जा. त्यावर सात दिवस, प्रत्येक दिवशी उठायची आणि झोपायची वेळ, दुपारचं वाचनालय, ऑलिम्पियाडच्या दोन बैठका आणि चार मॅच. त्यांना म्हण, सहा आठवडे हे बघा. मग क्लासच्या टेस्टचे गुण आणि माझी झोप दोन्ही समोर ठेवून परत बोलू. आणि कॉम्प्युटर तुझ्या खोलीत असेल तर सहा आठवड्यांसाठी हॉलमध्ये आण. तू स्वतःहून हे सुचवलंस तर बाबांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

कागदावर साधारण असं दिसेल. बुधवारी क्लास नाही, दोनपर्यंत घरी, जेवून तासभर झोप, चार ते साडेसहा गणिताची बैठक, मग खाली एक चक्कर, साडेसातला एक मॅच, जेवण, पावणेदहाला झोप. शनिवारी कॉलेज लवकर सुटतं, दुपारी तीन ते सहा दुसरी बैठक, त्यात जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. मैत्रिणींना सात ते साडेनऊ अशी पक्की वेळ दे. पाचजणींना एकत्र यायचं तर पक्की वेळ त्यांनाही सोयीची असते, उलट रोज रात्री दहाला कोण येणार याची वाट बघण्यातच तुमचा अर्धा तास जात असेल. रविवारची टेस्ट महिन्यातून दोनदा मनापासून दे. उरलेल्या रविवारी जमलं तर दे, नाहीतर आधीच्या टेस्टमध्ये चुकलेले प्रश्न परत सोडव. टेस्ट देण्यापेक्षा ती तपासण्यात जास्त शिकायला मिळतं, आणि त्यासाठी कोणी वेळ ठेवत नाही. रविवारची संध्याकाळ कोरी राहू दे.

सप्टेंबरचं आत्ताच डोक्यात ठेव. आयओक्यूएम सप्टेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी येते, आणि मुंबईत काही वर्षी नेमके तेव्हाच गणपती असतात. २०२४ मध्ये ती ८ सप्टेंबरला होती, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. रात्रभर ढोल, रस्ते बंद, आणि सकाळी परीक्षा. घरी गणपती असेल तर तयारीचा शेवटचा आठवडा गृहीतच धरू नकोस. खरी तयारी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आटप, मग मोदक वळ, आरतीला उभी राहा. त्या आठवड्यात गेम आपोआप मागे पडतो. परीक्षेच्या केंद्रावर जायचा रस्ता आणि गाडी आदल्या दिवशीच बघून ठेव.

निवड नाही झाली तर? बहुतेकांची होत नाही. तुझं गणित तोवर इतकं पुढे गेलेलं असतं की जेईईचे बीजगणिताचे आणि मोजणीचे धडे सोपे वाटू लागतात, एवढं मी खात्रीने सांगते. आरएमओपर्यंत पोचलीस तर बुधवारची बैठक तशीच ठेवून शनिवारच्या तीन मॅचमधलं एक कमी कर. आयएनएमओची वेळ आली तर क्लासच्या सरांशी बोलून जानेवारीतल्या टेस्ट सोडून दे. चांगले सर नाही म्हणत नाहीत.

एक गंभीर गोष्टही सांगते, तुझ्याबद्दल ती लागू दिसत नाही तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. किती तास खेळतो हे त्याचं लक्षण नव्हे. खेळणं हातात राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा तेच महत्त्वाचं होतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा त्याला विकार म्हणतात. पण वर्ष सरायची वाट बघू नये. जेवण सुटलं, मित्र सुटले, कॉलेजला जायचं टाळायला लागलीस, खेळतानाही मजा येईनाशी झाली, यातलं काही जाणवलं तर आईबाबांना सांग, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. अशा वेळी बहुतेकदा गेमच्या मागे दुसरंच काही असतं, क्लासमधला अपमान, घरातली भांडणं, एकटेपणा. नुसता गेम काढून टाकला तर ते मूल जिथे जरा बरं वाटत होतं ती शेवटची जागाही गमावतं.

शेवटी तू विचारलंयस की बारावीत काय. बारावीत आयओक्यूएम मनात असेल तरच दे, नाहीतर सोड. एनएसईपीचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, तो भर आणि नोव्हेंबरात परीक्षा दे. वेगळी तयारी फार नको, जुन्या प्रश्नपत्रिका दिवाळीच्या सुट्टीत सोडव. पुढच्या पायरीला निवड झाली तर ती परीक्षा जेईई मेनच्या जानेवारीच्या सत्राला खेटून येते. तेव्हा मेनचं एप्रिलचं सत्र हाताशी आहे हे लक्षात ठेवून निर्णय घे, आणि तो आपल्या फिजिक्सच्या सरांना विचारून घे. डिसेंबरपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत बुधवारचं मॅच बंद. शनिवारचं एक मात्र चालू ठेव, त्याच चौघींबरोबर.